ऋणाला वसुली खातं नाही

कुठल्याही कार्यक्रमाला जा, शेवटी आभारप्रदर्शन असतंच. ते सुरू झालं की मागच्या रांगा उठून चपला शोधायला लागतात. माइकवाल्यापासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं भराभर वाचली जातात, आणि ज्यांची नावं वाचली जातात ते बहुधा त्या वेळी खुर्च्या गोळा करत असतात. आपल्याकडे आभार हा असा समारंभातला शब्द. घरात तो फारसा रुळलाच नाही. आईनं ताट वाढलं म्हणून तिचे आभार मानणारा मुलगा आमच्या पिढीत वेडाच ठरला असता. आता नातवंडं ‘थँक यू आजी’ म्हणतात, कानाला ते गोड लागतं. पण त्यावरून जुनी माणसं कृतघ्न आणि नवी कृतज्ञ असा हिशेब मांडायला मी तयार नाही.

मुळात ‘कृतज्ञ’ या शब्दाचा बोलण्याशी संबंधच नाही. कृतज्ञ म्हणजे केलेलं जाणणारा. कोणी केलं, किती केलं, करताना तो कुठे झिजला, हे ज्याला ठाऊक आहे तो. पाली भाषेत हाच शब्द ‘कतञ्ञू’ होतो. जगात दुर्मिळ अशी दोन माणसं बुद्धांनी सांगितली. एक, आपण होऊन आधी उपकार करणारा. दुसरा, केलेलं जाणणारा आणि ती जाण वागण्यात आणणारा.

वाल्मीकी रामायणातला सुग्रीव आठवा. पावसाळा सरला, वाटा मोकळ्या झाल्या, तरी सीतेच्या शोधाचं वचन विसरून तो किष्किंधेच्या राजवाड्यात रमलेला. लक्ष्मण संतापून येतो आणि बजावतो, की मोठमोठ्या पापांना प्रायश्चित्त आहे, कृतघ्नतेला नाही. मला नेहमी वाटतं, सुग्रीव मनातल्या मनात रामाला रोज हात जोडतही असेल. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती काम पडून राहिल्याची.

जाण म्हणजे काय, हे मला पोथीपेक्षा पोळ्यानं जास्त शिकवलं. श्रावणी अमावास्येला बैलांची शिंगं रंगवतात, झूल घालतात, मिरवणूक निघते, ते सगळ्यांना माहीत असतं. पण आदल्या संध्याकाळी गोठ्यात एक काम होतं, ते बघायला कुणी जात नाही. बैलाचे खांदे कोमट पाण्यानं शेकतात आणि त्यावर हळद-तूप चोळतात. खांदेमळणी म्हणतात तिला. विदर्भात बैलाला उद्या जेवायला या म्हणून आवतणही देतात. रंगवायची ती शिंगं, पण चोळायचा तो खांदा, कारण वर्षभर जू तिथं टेकलेलं असतं. अनेक गावांत त्या दिवशी गड्यालाही नवे कपडे आणि पुरणाचं जेवण मिळतं. आता पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टरला हार घालतात. घालावा. पण ट्रॅक्टरचा खांदा कुठला चोळणार?

माझ्या नोकरीतली एक म्हातारी यावरून आठवते. तालुक्याच्या शाखेत फॅमिली पेन्शन घ्यायला ती दर महिन्याला यायची आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला. अंगठा उठवणारी बाई. तिची पैसे काढायची स्लिप आमचा शिपाई भरून द्यायचा, तिला बाकावर बसवायचा, नोटा मोजून कनवटीला लावेपर्यंत शेजारी उभा राहायचा. ती येताना त्याच्यासाठी भाजक्या शेंगांची पुरचुंडी आणायची. सही करणारा अधिकारी मी. मला तिनं एक शेंग कधी दिली नाही. कोण काय करतं याचा तिचा अंदाज आमच्या हेड ऑफिसपेक्षा पक्का होता.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे ‘ऋण’ हा शब्द धर्मग्रंथात भेटला की मी अडतो. कर्जाला रक्कम असते, मुदत असते, व्याज असतं. हप्ते फिटले की बाकी नसल्याचा दाखला मिळतो आणि तारण सुटतं. ऋणाचं तसं नाही. तैत्तिरीय संहितेत जन्माबरोबरच येणारी तीन ऋणं सांगितली आहेत, देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं. शतपथ ब्राह्मणात चौथं येतं, माणसांचं. ते फेडायचं घरी आलेल्याला आसरा देऊन, जेवू घालून. यातली बरीचशी ऋणं ज्याची त्याला परत करताच येत नाहीत. ऋषींचं ऋण आपण शिकून फेडायचं, आई-बापांचं आपली मुलं वाढवून. एकाचं कर्ज मी दुसऱ्याच्या खात्यात जमा केलं असतं, तर ऑडिटरनं मला उभं केलं असतं. इथे मात्र तीच रीत आहे.

आणखी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. कर्जात देणारा नोटीस पाठवतो. ऋणात त्याला तो अधिकार नाही. जाण ठेवायची ती घेणाऱ्यानं. देणाऱ्यानं ती मागायची नसते. आपल्या घराघरांत हे उलटं झालंय. ‘तुला शिकवलं कुणी?’ ‘या घरात आलीस म्हणून सुखाचे दिवस पाहिलेस.’ ‘खाल्ल्या मिठाला जाग.’ मिठाचा हा हिशेब मीठ देणाराच जेव्हा सुनेला, धाकट्या भावाला किंवा घरकामाच्या बाईला ऐकवतो, तेव्हा त्यानं दिलेलं सगळं पुन्हा काढून घेतलेलं असतं. यापेक्षा वारीच्या वाटेवरचा गावकरी शहाणा. तो वारकऱ्यांना जेवू घालतो आणि वर त्यांच्याच पाया पडतो.

रोजच्या व्यवहारात ही जाण ठेवायची कशी? जुन्या माणसांनी ती जेवणाला बांधून टाकली होती. पानाभोवती पाणी फिरवायचं, चित्राहुती घालायच्या, गोग्रास काढायचा, मग पहिला घास. पंचमहायज्ञ म्हणतात त्याचाच हा घरगुती अवशेष. मनुस्मृतीत त्याचं कारण सांगितलंय. त्या ग्रंथातलं पुष्कळसं मला पटत नाही, आणि १९२७ साली महाडला तो जाळला गेला त्यामागचं दुःख कळतं. पण तिसऱ्या अध्यायातली ही जागा विचार करायला लावते. प्रत्येक घरात पाच वधस्थानं असतात असं तिथं म्हटलंय. चूल, वाटण्याचा पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. आपलं पोट भरताना या पाच ठिकाणी कुणाचा ना कुणाचा जीव जातो, म्हणून देव, ऋषी, पितर, प्राणिमात्र आणि अतिथी यांचा वाटा आधी काढायचा.

ही यादी वाचताना माझं लक्ष भलतीकडेच जातं. या पाचही ठिकाणी दिवसभर कोण राबत होतं? घरची बाई. किड्यामुंगीची नोंद झाली, तिची राहिली. आणि गंमत पाहा, त्याच अध्यायात असंही सांगितलंय की पाहुणे, घरचे आणि नोकर जेवल्यावर उरलेलं नवरा-बायकोनं खावं. दोघांनी. मग आपल्याकडे नवरा पहिल्या पंगतीला जाऊन बसला तो कधी, याचा दाखला मला तरी सापडलेला नाही. आज गॅस आला, मिक्सर आला, नळ आला. तरी रात्री पातेलं खरवडून शेवटी जेवणारी व्यक्ती बहुतेक घरांत तीच आहे. देवापुढे नैवेद्य ठेवताना आपण हात जोडतो, आणि तो रांधणारी तेव्हा आत पोळ्या लाटत असते.

माणूस वगळून देवाचे आभार मानता येतात का? इस्लामच्या परंपरेत पैगंबरांचं एक वचन सांगतात. त्याचा आशय असा, की जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाचेही मानत नाही. हे मला फार रोखठोक वाटतं. पूजा करणाऱ्याला पळवाटच ठेवलेली नाही.

आमच्या सोसायटीत खंडेनवमीला लिफ्टची, पाण्याच्या पंपाची आणि मीटरच्या पेटीची पूजा होते. गेल्या वर्षी एका आजींनी सेक्रेटरींना विचारलं, ‘पंपाला हार घातलात, पण पहाटे पाचला तो सुरू कोण करतं?’ सेक्रेटरी जरा गडबडले. मग दुपारच्या जेवणाला वॉचमन, जिना झाडणारी बाई आणि कचरा नेणारा मुलगा यांना पहिल्या पंगतीला बसवायचं ठरलं. वाढायला आम्ही म्हातारे. बाई आधी बसायलाच तयार नव्हती, तिला आजींनी हाताला धरून बसवलं. मुलानं श्रीखंड तीनदा मागून घेतलं. वॉचमन मात्र खाली मान घालून भराभर जेवला, उठला आणि हात पुसत म्हणाला, ‘साहेब, उद्या टाकी धुवायची आहे. सगळ्यांना पाणी भरून ठेवायला सांगा.’