‘कुंकू’ची नायिका, प्रभातची बंडखोर

लगट करू पाहणाऱ्या सावत्र मुलाला नीरा छडीने फोडून काढते. मुलगा वयाने तिच्याहून मोठा आहे. कारण तिच्या मामाने तिला फसवून एका म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलं आहे. हे लग्न ती अखेरपर्यंत मानत नाही. १९३७ सालच्या ‘कुंकू’तली ही नीरा रंगवली शांता आपटे यांनी. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी हा चित्रपट केला. पार्श्वसंगीत त्यांनी वर्ज्य केलं आणि प्रसंगातल्या आवाजांवरच भिस्त ठेवली. त्यामुळे नीराचा संताप संवादांतून, हालचालींतून आणि चेहऱ्यावरच उमटायला हवा होता. तो तसा उमटला.

शांताबाईंचा जन्म १९१६ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. १९३२ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये त्या राधा झाल्या. मग प्रभात फिल्म कंपनीचा ‘अमृतमंथन’ (१९३४) आला आणि नाव देशभर पोचलं. नट ताठ उभे राहून गात, त्या काळात शांताबाई हातवारे करत, मान वेळावत, डोळ्यांनी बोलत गाणं उभं करत.

तेव्हा कलावंत कंपनीचे पगारी नोकर असत. महिन्याचा ठरलेला पगार आणि कंपनी देईल ते काम, असा करार असे. प्रभातशी कराराचा वाद विकोपाला गेला, तेव्हा १९३९ मध्ये शांताबाई पुण्यातल्या स्टुडिओच्या फाटकाशीच उपोषणाला बसल्या. एवढ्या लोकप्रिय नटीने मालकाच्या दारात असं ठाण मांडणं अभूतपूर्व होतं. लवकरच त्या प्रभातमधून बाहेर पडल्या.

पण गप्प बसल्या नाहीत. १९४० मध्ये त्यांनी ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक लिहिलं. पडद्यावर जायची स्वप्नं पाहणाऱ्यांना त्यांनी या धंद्याचे व्यवहार उलगडून दाखवले, कलावंताच्या श्रमाचा हिशेब मांडला. पुढच्याच वर्षी तमिळ ‘सावित्री’त त्या नायिका झाल्या, सोबत नारदाच्या भूमिकेत एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या.

१९६४ मध्ये, अवघ्या ४७-४८ व्या वर्षी शांताबाई गेल्या. ‘कुंकू’चं कौतुक आजही होतं आणि ते व्हायलाच हवं. त्याच्या जोडीला त्यांचं पुस्तकही वाचलं जावं, विशेषतः आज अभिनयाचा करार हाती घेणाऱ्या मुलामुलींनी.