होयबा नको, मग कोण हवा?

२९ जानेवारी २०१९ रोजी अमेरिकेचे राष्ट्रीय गुप्तचर संचालक डॅन कोट्स सिनेटच्या गुप्तचर समितीपुढे हजर झाले आणि जगभरातल्या धोक्यांचा वार्षिक आढावा त्यांनी मांडला. उत्तर कोरिया आपली सगळी अण्वस्त्रे सोडून देईल अशी शक्यता दिसत नाही आणि इराण सध्या अण्वस्त्र बनवण्याच्या मागे नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प तेव्हा या दोन्ही देशांबद्दल वेगळाच सूर लावून बसले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ट्वीट केले, की गुप्तचरांनी बहुधा पुन्हा शाळेत जायला हवे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोट्स पायउतार झाले.

कोट्स हे हेर नव्हते. ते इंडियानाचे माजी सिनेटर, तेही ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे. हेरखात्याचा प्रमुख त्याच खात्यात मुरलेला हवा, राजकारणी तिथे बसला की सगळे बिघडते, असे आपण सहज म्हणून जातो. या पदांचा इतिहास मात्र त्याला फारशी साथ देत नाही.

जॉन मॅकोन यांचेच बघा. जहाजबांधणी आणि अभियांत्रिकीच्या धंद्यात पैसा कमावलेल्या या उद्योगपतीला केनेडींनी १९६१मध्ये सीआयएचा प्रमुख केले. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात क्युबामध्ये सोव्हिएत विमानवेधी क्षेपणास्त्रे दिसू लागली. मॅकोन यांना साधा व्यापारी प्रश्न पडला : एवढा खर्च करून राखण करायची, ती कशाची? तिथे अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे येणार, असा त्यांचा कयास होता. सप्टेंबरमध्ये ते मधुचंद्रासाठी फ्रान्सच्या किनाऱ्यावर गेले, तरी तिथूनही वॉशिंग्टनला तारा पाठवत राहिले. त्यांच्या हाताखालच्या अनुभवी विश्लेषकांनी मात्र १९ सप्टेंबरच्या अहवालात लिहिले, की सोव्हिएत संघ असे पाऊल उचलण्याची शक्यता कमी आहे. १४ ऑक्टोबरला यू-२ विमानाने काढलेल्या छायाचित्रांत ती क्षेपणास्त्रे दिसली. बाहेरून आलेला माणूस बरोबर ठरला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्याच खात्याने त्याची री ओढली नव्हती.

याच्या उलट विल्यम केसी. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकेच्या हेरसंघटनेत काम केलेले, म्हणजे अनुभव अस्सल. पण १९८०मध्ये ते रेगन यांच्या निवडणूक प्रचाराचे व्यवस्थापक होते आणि तिथून थेट सीआयएच्या खुर्चीत आले. त्यांच्या कारकिर्दीचा शेवट इराण-काँट्रा प्रकरणाच्या छायेत झाला. आणि आयुष्य खात्यात घालवून सीआयएचे प्रमुख झालेले रिचर्ड हेल्म्स? वॉटरगेटवर पांघरूण घालण्यासाठी निक्सन यांना सीआयए हवी होती, तेव्हा त्यांनी दाद दिली नाही. पण चिलीतल्या कारवायांबद्दल सिनेट समितीला पूर्ण माहिती न दिल्याबद्दल १९७७मध्ये त्यांना न्यायालयात दंडही भरावा लागला. राष्ट्राध्यक्षांना नकार देणारा माणूस संसदेशी खरे बोलेलच, असेही नाही. एकूण काय, पूर्वीचा हुद्दा वाचून या पदावरच्या माणसाचे भाकीत करू नये.

कायद्यात तर अट अगदीच मोघम आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर, २००४च्या कायद्याने राष्ट्रीय गुप्तचर संचालक हे पद निर्माण झाले. त्यावरच्या व्यक्तीला राष्ट्रीय सुरक्षेचे व्यापक ज्ञान हवे, एवढेच कायदा म्हणतो. किती वर्षे, कोणत्या कामात, हे सांगत नाही. पहिले संचालक जॉन नेग्रोपाँटे मुत्सद्दी होते. त्यांच्यानंतर आलेले माइक मॅकोनेल आणि डेनिस ब्लेअर निवृत्त नौदल अधिकारी.

आता दुसरा समज : हा माणूस सगळ्या हेरांचा सेनापती. ‘राष्ट्रीय संचालक’ हे नाव ऐकून तसे वाटणारच. प्रत्यक्षात अमेरिकेच्या १८ गुप्तचर संस्थांपैकी निम्म्या संरक्षण खात्याच्या छत्राखाली आहेत आणि तिथे संरक्षणमंत्र्यांचा शब्द चालतो. ब्लेअर यांना हे चांगलेच कळले. परदेशातल्या दूतावासांत अमेरिकेचा मुख्य गुप्तचर प्रतिनिधी कोण असावा, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला हवा, असा त्यांचा आग्रह होता. सीआयएचे तेव्हाचे प्रमुख लिऑन पॅनेटा तो सोडायला तयार नव्हते. व्हाइट हाउसने सीआयएची बाजू घेतली आणि मे २०१०मध्ये ब्लेअर यांनी राजीनामा दिला. त्यामुळे या पदावरचा माणूस कणखर असून भागत नाही. त्याच्या मागे राष्ट्राध्यक्ष उभे आहेत का, हेही पाहावे लागते. पंचाईत अशी, की स्वातंत्र्यही त्याने त्यांच्यापासूनच राखायचे असते.

तरीही सिनेट आहेच की, अयोग्य माणूस तिथे अडकेल, असा तिसरा दिलासा असतो. कधी कधी तो खराही ठरतो. १९७५मध्ये फोर्ड यांनी जॉर्ज बुश (थोरले) यांचे नाव सीआयएसाठी सुचवले, तेव्हा ते रिपब्लिकन पक्षाचे माजी राष्ट्रीय अध्यक्ष होते. सिनेटरांनी अट घातली, आणि १९७६च्या निवडणुकीत बुश आपले उपाध्यक्षपदाचे उमेदवार नसतील, असे फोर्ड यांना लेखी द्यावे लागले. मगच नेमणूक झाली. सीआयएच्याच प्रमुखपदासाठी झालेली रॉबर्ट गेट्स यांची १९९१मधली सुनावणी आजही वाचण्याजोगी आहे. सोव्हिएत संघाबद्दलचे अहवाल वरिष्ठांना रुचेल असे वळवले गेले, असा आरोप सीआयएच्याच आजी-माजी विश्लेषकांनी त्यांच्यावर उघडपणे केला. ६४ विरुद्ध ३१ मतांनी गेट्स यांची नेमणूक मंजूर झाली, पण आरोपांची नोंद राहिली.

अलीकडे मात्र ही चाळणी पक्षाच्या रंगाने भरत चालली आहे. राष्ट्रीय गुप्तचर संचालकपदासाठी २००५मध्ये नेग्रोपाँटे यांना ९८ विरुद्ध २ मते मिळाली होती, २०२१मध्ये एव्हरिल हेन्स यांना ८४ विरुद्ध १०. जॉन रॅटक्लिफ यांचे नाव २०१९मध्ये अनुभवाच्या प्रश्नांवरून पाच दिवसांत मागे घ्यावे लागले. पुढच्या वर्षी तेच नाव परत आले आणि ४९ विरुद्ध ४४ने मंजूर झाले. मधल्या काळात जर्मनीतले राजदूत रिचर्ड ग्रेनेल हंगामी संचालक होते. हंगामी नेमणुकीला सिनेटची मंजुरी लागत नाही, ही पळवाट कायद्यातच आहे. तुलसी गॅबर्ड २०२५मध्ये ५२ विरुद्ध ४८ मतांनी आल्या. त्यांनी मार्चमध्ये इराण अण्वस्त्र बनवत नसल्याचा गुप्तचर संस्थांचा निष्कर्ष सिनेटपुढे सांगितला. जूनमध्ये पत्रकारांनी त्याची आठवण करून दिली, तेव्हा ट्रम्प यांनी त्या चुकत असल्याचे सांगून विषय मिटवला.

स्वतंत्र प्रमुख म्हणजे सरकारच्या विरोधातला प्रमुख, हा समज तर मुळातच चुकीचा आहे. धोरण ठरवणे हे त्याचे काम नव्हे. समोर आलेली माहिती न कापता, न सजवता वर पोचवणे, आणि ती नावडती निघाली तरी बदलून न देणे, एवढीच अपेक्षा असते. ब्रिटनने ही कल्पना कायद्यात उतरवली : १९८९च्या कायद्यानुसार एमआय-५च्या प्रमुखाने आपली संस्था कोणत्याही राजकीय पक्षाच्या हिताला हातभार लावणार नाही, याची काळजी घ्यायची असते. अमेरिकेत एफबीआयच्या संचालकाला १० वर्षांची मुदत तरी आहे, अर्थात २०१७मध्ये जेम्स कोमी यांना ती वाचवू शकली नाही. राष्ट्रीय गुप्तचर संचालकाला तर मुदतच नाही.

अमेरिकेतल्या या गोंधळाकडे बोट दाखवताना आपल्याकडेही पाहायला हवे. इंटेलिजन्स ब्युरो आणि रॉ यांच्या प्रमुखांची नावे मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती ठरवते; संसदेत सुनावणी नाही, मतदान नाही, आधी एखादा प्रश्न विचारण्याची सोयही नाही. खासदार मनीष तिवारी यांनी २०११मध्ये या संस्थांसाठी खासगी विधेयक मांडले होते. ते मंजूर झाले नाही. रॉ १९६८मध्ये स्थापन झाली, ब्युरो तर ब्रिटिश काळापासूनचा. दोघांसाठीही संसदेने केलेला स्वतंत्र कायदा अद्याप नाही.