सिद्दी बायकांची कवंदी, आपली गोधडी आणि 'हबशी' हा शब्द

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीनंतर आठवीच्या वर्गात गेले तर एक मुलगा बाकावर डोकं टेकवून बसलेला. काय झालं विचारलं तर कोणी बोलेना. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, सगळे त्याला हबशी म्हणतात." रंग काळासावळा, केस कुरळे, एवढाच त्या पोराचा गुन्हा.

चिडवणाऱ्यांना मी रागावले खरी, पण घरी येईपर्यंत तो राग माझ्यावरच उलटला. हा शब्द पोरांनी बाजारातून आणलेला नाही, आपल्याच घरातून उचललाय. आमच्याकडे स्थळं बघताना "लडका अच्छा है, पर रंग से हबशी है" हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. आणि एकदाही कुणाला टोकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नानीच्या हातची जुनी गोधडी वर्गात नेली. सोबत मोबाईलमध्ये एका कवंदीचा फोटो. पोरांनी गोधडीला हात लावून पाहिला, मग फोटो पाहिला. मी विचारलं, "ही कुठली असेल?" पोरं म्हणाली, "आपल्याकडचीच, टीचर." एक मुलगी म्हणाली, "आमच्या दादीकडे अशीच आहे." तेव्हा सांगितलं, ही शिवणारी बाई सिद्दी आहे. तिचे पूर्वज आफ्रिकेतून आले. ज्यांना आपण हबशी म्हणतो, त्यांच्यातली ती. वर्ग एकदम गप्प झाला.

त्या तासाला जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथे लिहितेय. पोरांइतकीच आपल्या मोठ्यांनाही त्याची गरज आहे.

सिद्दी कोण?

कर्नाटकातला उत्तर कन्नड म्हणजे कारवारचा जिल्हा. 1956 पर्यंत तो मुंबई राज्यात होता. तिथल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत, घाटाच्या जंगलाच्या कडेने सिद्दींच्या वस्त्या आहेत. त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिश्चन आहेत आणि हिंदूही आहेत. घरात कोकणीचीच एक बोली बोलतात, तिच्यात मराठी आणि कानडी मिसळलेली. मुसलमान सिद्दी उर्दूही बोलतात. म्हणजे हल्याळच्या एखाद्या सिद्दी मुसलमान घरात आपण गेलो तर बोलायला दुभाषा लागणार नाही.

यांचे बरेचसे पूर्वज पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून गोव्यात आणले. त्यातले जे निसटले ते घाट चढून जंगलात गेले आणि तिथेच राहिले. काही जण दख्खनच्या सुलतानांच्या फौजांमधून इकडे आले. 'सिद्दी' हा शब्द अरबी 'सय्यिदी'वरून आला असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे 'माझे स्वामी'. ज्यांना गुलाम म्हणून विकलं त्यांना हे नाव! 2003 मध्ये उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. 2020 मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले. तिथे पोचलेले ते पहिले सिद्दी.

कवंदी शिवतात कशी?

कवंदी म्हणजे जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून शिवलेलं पांघरूण. फाटकी साडी, नवऱ्याचा विटलेला शर्ट, लेकीचा आखूड झालेला फ्रॉक, सगळं तिच्यात जातं. बहुधा जुनी साडीच खालचं अस्तर म्हणून जमिनीवर अंथरतात. ना चौकट, ना मशीन. सुई, जाड सुती दोरा आणि हात.

आपल्या गोधडीत बहुधा आधी कापडाचे थर एकावर एक अंथरून घेतात आणि मग धावदोऱ्याने सगळे एकत्र शिवतात. कवंदीचं तसं नाही. बाई एका कोपऱ्यापासून सुरू करते. एक तुकडा घ्यायचा, त्याची कड आत दुमडायची आणि अस्तरावर टाके घालत बसवायचा. दुसरा तुकडा पहिल्याच्या कडेवर थोडा चढवायचा. असं कडेकडेने चारी बाजू फिरत आत आत यायचं. कुठे हिरवा, कुठे लाल, कुठे फुलाफुलांचा, हे ती शिवता शिवता ठरवते. कागदावर नकाशा नसतो. शेवटचे तुकडे मधोमध येतात. लांबून पाहिलं तर टाक्यांच्या ओळी पाण्यातल्या लहरींसारख्या कडेपासून मध्यापर्यंत सरकलेल्या दिसतात.

मग येतात 'फुला'. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण शिवतात, त्यांना हे नाव. फुला नसतील तर कवंदी उघडी-नागडी दिसते असं त्या बायका म्हणतात. वरून काही जणी रंगीत चिमुकले चौकोन लावतात, त्यांना 'टिकेली' म्हणतात. बाळासाठी शिवलेल्या कवंदीवर टिकेल्यांची गर्दी असते. काही मुसलमान बायकांच्या कवंदीवर चांद दिसतो, तर ख्रिश्चन बायकांच्या कवंदीवर क्रूस. शिवण्याची रीत मात्र तीच.

एक कवंदी पुरी व्हायला कित्येक आठवडे जातात. घरचं काम, शेतातली मजुरी, जंगलातून लाकूडफाटा आणणं, हे सगळं उरकून उरलेल्या वेळात हे शिवण चालतं.

अमेरिकेत पोचलेली कवंदी

हेन्री ड्रूअल हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कला-इतिहासाचे प्राध्यापक. त्यांची बरीच हयात पश्चिम आफ्रिकेत, नायजेरियातल्या योरुबा लोकांची कला अभ्यासण्यात गेली. आफ्रिकेतून बाहेर गेलेल्या, नेलेल्या माणसांनी आपली कला कशी टिकवली आणि कशी बदलली, हे शोधत ते सिद्दी वस्त्यांमध्ये आले. तिथे त्यांना कवंदी दिसली. 2004 मध्ये सिद्दी बायकांचा कवंदी शिवणारा सहकारी गट उभा राहिला. 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या शोम्बर्ग केंद्रात कवंद्यांचं प्रदर्शन भरलं. अंगावर घ्यायचं पांघरूण तिथे चित्रासारखं भिंतीवर लागलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कवंदीची रीत जशीच्या तशी आफ्रिकेतून आली असं म्हणता येत नाही. जुन्या कपड्यांची गोधडी शिवणं हे दख्खनचंही आहे. उत्तर कर्नाटकात तिला कौदी म्हणतात, आपल्याकडे गोधडी किंवा वाकळ. सिद्दी बायकांनी इथली रीत उचलली आणि तिच्यात आपले रंग, आपली मांडणी, आपल्या फुला घातल्या. म्हणून ती आपल्या गोधडीची बहीण वाटते, पण डोळ्यांना लगेच वेगळीही दिसते.

पोत्यांतून उभी राहिलेली भिंत

पोरांना मी आणखी एक नाव सांगितलं, इब्राहिम महामा. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात तमाले नावाचं मुसलमान बहुसंख्येचं शहर आहे. 1987 मध्ये जन्मलेला हा कलाकार तिथला. त्याचं सामान काय? तागाची जुनी पोती! घानातून कोको बाहेरदेशी जातो तो या पोत्यांतून. नंतर त्याच पोत्यांत धान्य भरतात, कोळसा भरतात. फाटलं की ठिगळ लावतात. कुणीतरी त्यावर आपलं नाव रंगवतो. महामा बाजारात नवी पोती देऊन ही जुनी पोती घेतो, अनेक लोकांना सोबत घेऊन ती एकमेकांना शिवतो आणि त्या अफाट कापडाने मोठमोठ्या इमारती झाकतो. 2015 मध्ये व्हेनिसच्या आणि 2017 मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात त्याची पोती होती.

तो पोती धुऊन चकचकीत करत नाही. डाग, ठिगळं, पुसट नावं तशीच ठेवतो. हे ओझं कुणी वाहिलं, हे बघणाऱ्याला कळावं म्हणून. आणि एक गंमत बघा, जगातला बहुतेक ताग पिकतो भारतात आणि बांगलादेशात. आपल्या मार्केट यार्डात जे पोतं आपण पाय पुसायला टाकतो, त्याचंच भाऊबंद असलेलं पोतं तिकडे कलादालनात टांगलं जातं. मिळालेल्या पैशातून महामाने तमालेत कलाकेंद्र उभं केलं. 2019 मध्ये ते सुरू झालं आणि गावातली पोरं तिथे येतात.

महामाचे आणि सिद्दींचे पूर्वज एक नव्हेत. तो पश्चिम आफ्रिकेतला, सिद्दींची मुळं बहुतेक पूर्वेकडची. मधे अख्खा खंड आहे. पण जे कापड लोक टाकून देतात त्यातच माणसाच्या कष्टाची नोंद असते, हे दोघांच्या कामात दिसतं.

नगरचे हबशी

आता आपल्या नगरकडे या. मलिक अंबर हे नाव शाळेत सगळ्यांनी वाचलंय. पण तो हबशी होता हे किती जणांच्या लक्षात आहे? साधारण 1548 मध्ये इथिओपियात जन्मलेलं पोर. लहानपणीच विकलं गेलं, बगदादमार्गे दख्खनला आलं. निजामशाहीचा वजीर चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेजखान स्वतःही हबशीच. 1600 मध्ये मोगलांनी नगरचा किल्ला घेतला, तेव्हा निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं. अंबरने दुसरा शहजादा गादीवर बसवला आणि 1626 मध्ये मरेपर्यंत मोगलांना झुंजवलं.

नगर तालुक्यातलं भातवडी आपल्या ओळखीचं गाव. 1624 मध्ये तिथेच त्याने तलावाचं पाणी सोडून मोगल आणि आदिलशाही फौजांची कोंडी केली. त्या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले. जमीन मोजून सारा ठरवण्याची त्याची पद्धत इतकी गाजली की 'मलिकंबरी' हा शब्दच रूढ झाला. खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर त्यानेच वसवलं आणि तिथे नहर आणली.

जहांगीर बादशहाला तो कधीच हाती लागला नाही. मग बादशहाने काय केलं? रोजनिशीत त्याला त्याच्या रंगावरून शिव्या लिहिल्या. अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. त्यात जहांगीर अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण मारतोय. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. मैदानात जमलं नाही ते कागदावर करून घेतलं! म्हणजे 'हबशी'ला शिवी करण्याची खोड चारशे वर्षं जुनी आहे, आणि ती हरलेल्या माणसाची खोड आहे.

ज्या शोम्बर्ग केंद्रात 2011 मध्ये कवंद्या टांगल्या, तिथेच 2013 मध्ये भारतातल्या आफ्रिकी लोकांच्या इतिहासाचं प्रदर्शन भरलं. त्यात मलिक अंबर होता. न्यूयॉर्कच्या पोरांना तो 'आपला' म्हणून दाखवला गेला. आणि तो जिथे घडला त्या नगरमध्ये आपण 'हबशी' म्हणून पोरांना रडवतो.

मुसलमान म्हणून तर आपल्याला हे मुळीच शोभत नाही. हजरत बिलाल (रजि.) हबशी होते. मक्केत जगणं मुश्कील झालं तेव्हा पहिली हिजरत झाली ती हबशाला, आणि तिथल्या नजाशी बादशहाने आसरा दिला. हे किस्से आपण मुलांना प्रेमाने सांगतो आणि त्याच संध्याकाळी स्थळ बघताना रंगावरून नाक मुरडतो.

मग करायचं काय?

त्या तासानंतर मी पोरांना घरून आखूड झालेले युनिफॉर्म, जुन्या ओढण्या आणायला सांगितलं. तीन शुक्रवार कार्यानुभवाच्या तासाला आम्ही एक छोटी कवंदी शिवली, जेमतेम बाळाला पुरेल एवढी. टाके वाकडेतिकडे आहेत. मुलग्यांनी आधी "हे मुलींचं काम" म्हणून कुरकुर केली, नंतर सुईसाठी भांडले. ज्याला चिडवलं होतं त्याने एका कोपऱ्याची फुला शिवली. चिडवणं अगदी बंद झालं असं मी म्हणणार नाही. पण परवा वर्गात कोणीतरी तो शब्द काढला, तेव्हा दुसराच एक जण म्हणाला, "मलिक अंबर पण होता की." माझ्या रागावण्यापेक्षा ते जास्त कामाला आलं.

तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, घरात पेटीत, माळ्यावर नानी-दादीच्या हातची गोधडी असेल तर काढा. मुलांसोबत बसून बघा, कुठला तुकडा कुणाच्या कपड्याचा. शिवणारी हयात असेल तर तिच्याकडून एक टाका तरी शिकून घ्या. आमच्या नानीला मी कधी विचारलं नाही. आता तिच्या गोधडीतला निळा तुकडा कुणाच्या सदऱ्याचा होता हे सांगणारं कोणी उरलेलं नाही.

दुसरी गोष्ट, घरात कोणी 'हबशी' म्हणून हसलं तर तिथेच टोका. गेल्या महिन्यात मी टोकलं. खाला म्हणाली, "अरी, मजाक में बोली मैं." मी म्हटलं, "खाला, त्या मजाकवर माझ्या वर्गात एक पोरगं रडलंय." खाला काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "तो फोटो दाखव बरं, कवंदीचा."