ग्रुप लहान केला की रिप्रेझेंटेशन तुटतं का?

क्ष, य, झ या चलांची दुसऱ्या घाताची सहा पदं घ्या: क्ष², य², झ², क्षय, यझ, झक्ष. यू(३) हा युनिटरी ग्रुप त्यांची अशी सरमिसळ करतो की आतला कुठलाच छोटा उपअवकाश स्वतःपुरता राहू शकत नाही. म्हणून हे सहा मितींचं रिप्रेझेंटेशन इररिड्यूसिबल.

आता फक्त भ्रमणं ठेवा, म्हणजे एसओ(३). क्ष²+य²+झ² जागचं हलतच नाही! सहाचे झाले १ आणि ५. यू(३) मध्ये क्ष ला √−१ नं गुणता येतं, क्ष² चं −क्ष² होतं आणि ही बेरीज टिकत नाही. १९५८ मध्ये एलियट यांनी अणुकेंद्राच्या कवच प्रतिमानात हीच फोड वापरली: १ म्हणजे एस अवस्था, ५ म्हणजे डी.

पण दर वेळी तुटतंच असं नाही, आणि मला खरी गंमत तिथेच वाटते. यू(४) मधला सिम्प्लेक्टिक उपग्रुप एसपी(४) घ्या. चार चलांची दुसऱ्या घाताची दहा पदं अखंड राहतात. घात कितीही वाढवा, तरी अखंडच! हा उपग्रुप जे द्विरेषीय रूप जपतो ते विषम-सममित असतं, त्यामुळे त्यातून वर्गांची अशी बेरीज निघतच नाही. अखंड राहणाऱ्या अशा जोड्यांची वर्गवारी डिंकिन यांनी १९५२ मध्येच केली होती.