पिल्लू घरी आलंय? मग घड्याळ सुरू झालंय!

घरी पिल्लू आलंय. नावावरून घरात दोन गट पडलेत, त्याचं इन्स्टा अकाउंट तुम्ही पहिल्याच रात्री उघडलंय आणि ‘कुत्रा आणलास तर बघ!’ म्हणणारी आई आता त्याच्याशी बोबडं बोलतेय. डॉक्टरांनी सांगितलंय, लसी पूर्ण होईपर्यंत त्याला खाली सोडू नका. म्हणून पिल्लू दोन महिने वन बीएचकेच्या उंबरठ्याबाहेर पडत नाही. मग एकदाच्या लसी संपतात, तुम्ही हौसेने नवा पट्टा आणता, लिफ्टचं दार उघडतं आणि पिल्लू लादीला चिकटून थरथरायला लागतं. वॉचमनकाका दिसले की भुंकतं, हेल्मेटवाला डिलिव्हरी बॉय दिसला की सोफ्याखाली. घरचे म्हणतात, ‘ही जातच भित्री!’

जातीला कशाला नावं ठेवायची? त्याची जगाशी ओळख करून द्यायची राहून गेली, एवढंच.

पेट पेरेंट्स ज्याला ‘सोशलायझेशन’ म्हणतात, त्याला आपल्याकडे छान शब्द आहे, माणसाळवणं. फक्त शहरातल्या पिल्लाला माणसांइतकंच लिफ्टला, रिक्षाला, कुकरच्या शिट्टीला आणि ढोल-ताशालाही सरावावं लागतं. आणि या सरावाला एक मुदत असते.

१४ आठवड्यांचं गणित

अमेरिकेत बार हार्बर इथल्या जॅक्सन लॅबोरेटरीत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांच्या वाढीचा अनेक वर्षं अभ्यास केला. १९६५मध्ये त्यांचं पुस्तक आलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ओळखी सहज करतं, असं त्यांना दिसलं. त्याआधी, १९६१मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका प्रयोगात पिल्लांना कुंपण घातलेल्या मैदानात माणसांपासून लांब वाढवलं होतं. १४ आठवड्यांपर्यंत ज्यांचा माणसाशी संबंधच आला नाही, ती पिल्लं नंतरही माणसांना बुजतच राहिली.

आता आपलं गणित मांडू. भारतात २०१७च्या नियमांनुसार ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं, हे ते आई आणि भावंडांकडूनच शिकतं. म्हणजे तुमच्या हातात उरले जेमतेम सहा आठवडे. लसी मात्र सहाव्या-आठव्या आठवड्यापासून सुरू होऊन साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. सगळ्या लसी संपायची वाट बघाल, तर ओळखीचा काळ आधीच संपलेला असेल.

मग काय, लसी गुंडाळून ठेवायच्या? मुळीच नाही. पार्व्होसारखा आजार पिल्लाचा जीव घेऊ शकतो आणि त्याचा विषाणू जमिनीत बरेच महिने टिकतो. पण अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनतज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेने २००८मध्येच यातला मधला मार्ग सांगितलाय. जंतांचं औषध आणि पहिला डोस झाला, त्यावर किमान सात दिवस गेले, की काळजी घेऊन पिल्लाची जगाशी ओळख सुरू करा. त्यांच्या मते तीन वर्षांच्या आतली कुत्री दगावतात, त्याचं पहिलं कारण साथीचे आजार नसून वागणुकीचे प्रश्न आहेत. घाबरट कुत्रा चावतो, चावणारा कुत्रा घराबाहेर जातो आणि पुढे त्याला कोणी वाली उरत नाही. आपल्याकडे असा कुत्रा बाल्कनीत बांधलेला किंवा हायवेवर सोडून दिलेला दिसतो.

पाय न टेकवता शहर दाखवा

पिल्लाला कडेवर घ्या किंवा बॅगेत बसवा आणि निघा. भटकी कुत्री जिथे शी-शू करतात तिथे आणि पावसाच्या साचलेल्या पाण्यात त्याला सोडायचं नाही, एवढं पाळा. त्यातूनही तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

पहिले काही दिवस सोसायटीच्या गेटजवळ दहा मिनिटं बसलात तरी पुरे. दूधवाला, शाळेची बस, छत्री, रेनकोट, बुरखा, दाढी, काठी टेकत जाणारे आजोबा, सगळं तिथेच दिसतं. मग एका मजल्यापुरती लिफ्ट. मग रिक्षाने जवळची फेरी. मीरा रोड किंवा भाईंदर स्टेशनवर संध्याकाळच्या गर्दीत नेण्याचा पराक्रम नको. रविवारी सकाळी स्टेशनपासून लांब उभं राहून लोकल जाताना ऐकवा. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या गाळ्यांचा खणखणाट, मेट्रोच्या खांबांखालचे हॉर्न, जेसल पार्कच्या चौपाटीवरचा वारा आणि फुगेवाले असं एकेक वाढवत न्या.

घरातही बरंच करता येतं. मोबाइलवर फटाके आणि ढोल-ताशा अगदी हळू आवाजात लावा आणि त्याच वेळी खाऊ द्या. आवाज दिवसागणिक थोडाच वाढवा. गणपती-दिवाळीच्या आदल्या दिवशी सुरू करून उपयोग नाही. रोज कान, पंजे, दात हळूच हाताळा, म्हणजे दवाखान्यात कुस्ती होणार नाही. आणि आधी दोनच मिनिटं, मग पाच, मग दहा असं त्याला एकटं राहायलाही शिकवा. कॉलेज सुरू झाल्यावर तुम्ही दिवसभर घरी नसणार, हे त्याला कुठे माहीत असतं?

‘सगळ्यांना भेटव’ म्हणजे सोशलायझेशन नव्हे

इथेच बहुतेकांची गल्लत होते. गोंडस पिल्लू दिसलं की सोसायटीतली दहा मुलं धावत येतात, प्रत्येकाला उचलायचं असतं, रील करायचं असतं. पिल्लासाठी ती मजा नसते, तो घेराव असतो. किती जणांना भेटवलं याला महत्त्व नाही. ती भेट त्याला बरी वाटली का, ते बघा. मुलांना खाली बसायला सांगा, पिल्लू आपणहून जवळ येऊ दे.

ते घाबरलंय हे ओळखायचं कसं? शेपूट पायांत, कान मागे, तोंड फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई, सारखं ओठ चाटणं, किंवा आवडता खाऊ समोर असूनही नको म्हणणं. असं दिसलं की तिथून लांब जा. ‘सवय होईल’ म्हणून धरून ठेवलंत, तर भीतीचीच सवय होते.

लिफ्टमधले शेजारी

सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरण्यापासून अडवता येत नाही, असं ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाने २०१५मध्येच स्पष्ट केलंय. पण त्या लिफ्टमध्ये कुत्र्याला खरंच घाबरणारी एखादी काकूही असते. परिपत्रक दाखवून तिची भीती जात नाही. तिला आधी जाऊ द्या, पट्टा आखूड धरा, शी स्वतः उचला. तुमचा कुत्रा शांत बसून राहिला, तर ज्यांनी कधी कुत्रा पाळला नाही तेही महिनाभरात त्याचं नाव विचारतील.

पिल्लू १४ आठवड्यांपुढचं आहे, किंवा रस्त्यावरून मोठं झालेलं दत्तक घेतलंय? तरी काही सगळं संपलेलं नाही. तेही सरावतं. वेळ जास्त लागतो आणि घाई अजिबात चालत नाही.

ज्यांनी अजून पिल्लू आणलेलं नाही, त्यांनी आधी सेमिस्टरचं टाइमटेबल बघा. परीक्षेच्या तोंडावर आणाल, तर नेमके हेच सहा आठवडे वाया जातील. सुट्टी लागली की आणा, आणि घरी आल्यापासून रोज एक तरी नवी गोष्ट त्याला लांबून, तुमच्या कडेवरून दाखवा.