जुनी डिझेल पोलो घ्यायची का? आधी महिन्याचे किलोमीटर मोजा

कल्याण : पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आल्यापासून ‘गाडी ॲव्हरेज देत नाही’ ही तक्रार मुरबाडपासून टिटवाळ्यापर्यंत ऐकू येते. मग विचार येतो, पेट्रोल गाडी काढून जुनी डिझेल घ्यावी का? आणि घ्यायचीच तर जरा पळणारी. अशा वेळी पोरांच्या तोंडी पहिलं नाव असतं फोक्सवॅगनच्या पोलो जीटी टीडीआयचं.

ही गाडी आपल्या चाकणची. 2013 मध्ये 1.6 लिटर इंजिनात आली, पुढच्या वर्षी 1.5 लिटर झाली. ताकद 105 पीएस, नंतर 110. त्या काळच्या डिझेल स्विफ्टची ताकद होती 75 पीएस. म्हणजे अंगाने लहान, पण दम मोठ्या गाडीचा. माळशेज घाटात ट्रक ओलांडताना हा फरक लगेच कळतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 नियम आले आणि कंपनीने डिझेल पोलो बंद केली. त्यामुळे आता मिळेल ती जुनीच.

हिशोब काय सांगतो?

समजा पेट्रोल 104 रुपये आणि गाडी 14 चं ॲव्हरेज देते. डिझेल 90 रुपये आणि ॲव्हरेज 18. पेट्रोलला किलोमीटरमागे साधारण 7 रुपये 40 पैसे पडतात, डिझेलला 5 रुपये. वाचले 2 रुपये 40 पैसे. आपापल्या पंपाचा भाव आणि आपल्या गाडीचं ॲव्हरेज घालून हाच हिशोब करा.

महिन्याला 600 किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाला जेमतेम 17 हजार वाचतात. डिझेलचे इंजेक्टर, टर्बो किंवा क्लच यातलं एक जरी काम निघालं, तरी ही बचत गेली समजा. महिन्याला 1500 किलोमीटर असतील तर वर्षाला 43 हजारांच्या आसपास वाचतात, तिथे विचार करायला हरकत नाही.

किलोमीटर कुठले, हेही बघा. कल्याण-शिळफाटा रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रोज तासभर सरकणाऱ्या डिझेल इंजिनात काजळी साचते. 2020 नंतरच्या बीएस 6 डिझेल गाड्यांत, उदाहरणार्थ आय20 किंवा अल्ट्रोझ, धूर गाळणारा फिल्टर असतो. मोकळ्या रस्त्यावर सलग पळाली तरच त्यातली काजळी जळते. नुसत्या गावातल्या फेऱ्या केल्या तर तो तुंबतो, आणि त्याचं काम स्वस्त नाही. मुरबाड-आळेफाटा असं नियमित जाणाऱ्याला हा त्रास कमी. स्टेशन, बाजार आणि शाळा एवढंच असेल तर आमच्या मते सीएनजी बरी. मजा नाही, पण खिसा शाबूत राहतो.

गाडी बघताना

पोलोच्या 1.5 इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. तो कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला, कारण बेल्ट तुटला तर इंजिनच बसतं. (स्विफ्ट आणि फियाट पुंटोच्या 1.3 इंजिनात चेन असते.) नोव्हेंबर 2015 पर्यंतची गाडी असेल तर कंपनीने तेव्हा जाहीर केलेला रिकॉल झाला का, हे चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. धुराच्या प्रकरणात भारतात तेव्हा सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या परत बोलावल्या होत्या.

‘रीमॅप केलीय, लय पळते’ असं कोणी कौतुकाने सांगितलं तर तिथूनच परत फिरा. वाढवलेली ताकद क्लच आणि टर्बोवर निघालेली असते, शिवाय अपघातात विमा कंपनी हरकत घेऊ शकते.

कागद आणि उरलेली वर्षं

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. 2014 ची गाडी 2029 पर्यंत, 2018 ची 2033 पर्यंत. पुढे फिटनेस, नूतनीकरण आणि पर्यावरण कर. दिल्लीची गाडी स्वस्त मिळते, कारण तिथे 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर 2015 मध्ये हरित लवादाने बंदीचा आदेश दिला. पण ती इथे आणली की एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो.

आपल्याकडे तशी बंदी नाही. मात्र जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासायला सांगितलं आणि सरकारने समिती नेमली. तिच्या कक्षेत मुंबई महानगर प्रदेश आहे, म्हणजे कल्याण-डोंबिवलीसुद्धा. हातात तीनच वर्षं उरलेली डिझेल घेताना हे डोक्यात असू द्या. पुढे विकायला गेलात तर गिऱ्हाईकही हेच विचारणार.

व्यवहार ठरला की बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला, फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, ई-चलन बाकी नाही याची खात्री आणि पीयूसी हे सगळं पैसे देण्याआधीच घ्या. गाडी 1 एप्रिल 2019 आधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का तेही बघा. विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो, तो एजंटच्या भरवशावर सोडू नका.