जुनं इंजिन गेलं कशानं?

(लेखांक ९)

गेल्या आठवड्यात हाफ इंजिन घ्यावं की फुल, याचा हिशेब मांडला. आता समजा, इंजिन बसवायचं ठरलं. गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न नव्या इंजिनाबद्दल नव्हे, जुन्याबद्दल विचारा: ते गेलं कशानं?

‘जुनं झालं होतं’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. इंजिन तापून जाम झालं असेल, तर तुंबलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा न फिरणारा पंखा यांपैकी कोणीतरी गुन्हेगार असतो, आणि तो अजून गाडीतच बसलेला असतो. बेअरिंग गेलं असेल, तर धातूचा कीस ऑइल कूलरमध्ये आणि टर्बोच्या पाइपांत उरतो. नवं इंजिन सुरू होताच तो नव्या बेअरिंगांकडे निघतो. पाइप साफ करता येतात. कूलरच्या अरुंद वाटांतून मात्र कीस पुरता निघत नाही, म्हणून कूलर बदललेलाच बरा. रिंगा झिजल्या असतील, तर एअर फिल्टरच्या पुढची रबरी नळी वाकवून पाहा. तिला चीर असेल, तर फिल्टर कितीही नवा असो, धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी ओतणं तर बंदच करा. त्यातले क्षार आत थर धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी साधारण निम्मं-निम्मं घ्यावं. तयार मिश्रणाचा कॅन असेल, तर त्यात पाणी घालायचं नाही.

नव्या रिंगा घातल्या असतील, तर पहिले १,००० किलोमीटर महत्त्वाचे. सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम पाडलेल्या बारीक तिरक्या रेघा असतात. त्यांवर घासून रिंगा ‘बसतात’, आणि त्यासाठी ज्वलनाचा दाब लागतो. म्हणून काळजीपोटी गाडी तासन्‌तास आयडलवर ठेवणारे किंवा एकाच मंद वेगानं रांगणारे स्वतःचंच नुकसान करतात: भिंती गुळगुळीत होतात आणि इंजिन कायमचं ऑइल खाऊ लागतं. वेग बदलता ठेवा, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका, खंबाटकी घाट चढताना वेळेत खालचा गिअर टाका. ऑइल आणि फिल्टर ५०० ते १,००० किलोमीटरमध्येच बदलावा. तोवर डिपस्टिक वरचेवर पाहावी, कारण रिंगा बसेपर्यंत थोडं ऑइल जळतंच.

वापरलेलं इंजिन आणलं असेल, तर हे सोपस्कार नकोत. पण ते बाहेर मोकळं असतानाच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि क्रँकचं मागचं सील बदलून घ्या. नंतर त्याच सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरी सीलच्या किमतीच्या कित्येक पट होते.

शिवाय कागद. इंजिन नंबर बदलला की आरटीओत आरसीवर त्याची नोंद करावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. इंजिनाचं बिल जपून ठेवा. दोन्हीकडे ते मागतात.

पुढच्या आठवड्यात: टायमिंग बेल्ट आणि टायमिंग चेन.